मुंडावळ्यांतला राजा

दोन हजार सालच्या जानेवारीत शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी फुटली, की दोनशे चार नंबरच्या केळुसकरांनी गुपचूप लग्न केलं, आणि तेही एका आफ्रिकन बाईशी. पुरावा पक्का होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मनोरमाबाईंनी जिना उतरताना त्यांच्या उघड्या दारातून भिंतीवरचा फोटो पाहिला होता. डोक्यावर उंच मुकुट, अंगावर भरजरी वस्त्र, आणि कपाळापासून खाली सोडलेल्या मण्यांच्या माळा. एवढ्या दाट मुंडावळ्या की बाईची हनुवटीसुद्धा दिसू नये.

बातमी मनोरमाबाईंची, पण तिला पाय मी लावले, हे कबूल करते. तिसऱ्या मजल्यावरून निघाली तेव्हा नवरी नुसती आफ्रिकन होती. खालच्या ग्रोसरीत पोचेपर्यंत ती राजकन्या झाली, आणि तिच्या वडिलांची सोन्याची खाण निघाली. पन्नाशीला टेकलेला, एकटा राहणारा माणूस समोरच्या दारात असला की शेजारणीची जबाबदारी वाढते.

संक्रांतीचं निमित्त बरं सापडलं. तिळगुळाची वाटी घेऊन मी थेट समोरची बेल वाजवली. आत गेले आणि भिंतीकडे पाहिलं, तर नवरीच्या नाकातून मिनिटकाटा निघाला होता. ते भिंतीवरचं घड्याळ होतं. खाली सोनेरी इंग्रजी अक्षरांत नाव आणि पदवी होती, आणि ती बाई नव्हतीच, चांगला धडधाकट बाप्या होता.

"वहिनी, हा राजा आहे," केळुसकर म्हणाले. "इरेपा गावचा ओनिरेपा. माझा दोस्त आहे."

मला हसू आलं. केळुसकरांची ओळख राजाशी असावी याचं नव्हे, त्यांना दोस्त असावा याचं. चौदा वर्षं समोर राहून मी त्यांच्याकडे कुणी आलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना 'राजे' म्हणायला लागले, आणि महिनाभरात अख्खी बिल्डिंग.

सदानंद केळुसकर हे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. तिथे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शहाऐंशी साली दुबईच्या देरा बाजारातल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात पेंटर म्हणून आले, ते पेंटरच राहिले. दुकान कपबश्या, ट्रे, टॉवेल, छत्र्या आणि घड्याळांवर नावं छापून द्यायचं. मालकाने आमच्यासमोरची स्टुडिओ खोली त्यांना राहायला दिली होती, म्हणजे अर्धी त्यांना आणि अर्धी दुकानाच्या कार्टनना. सकाळी साडेसहाला ते देऱ्याच्या जॅममध्ये शिरायचे आणि संध्याकाळी त्याच जॅममधून परत यायचे. लग्न राहून गेलं होतं. का, ते मी बऱ्याच वाटांनी काढून पाहिलं. धाकट्या भावांची झाली, मग वय झालं, एवढंच हाती लागलं.

त्यांना हाक कशी मारतात, हे मी एकदा उगाच मोजलं होतं. दुकानात 'पेंटर'. वॉचमनसाठी 'दो सौ चार'. गावाहून येणाऱ्या फोनवर 'दादा', 'भावजी', 'काका'. आमची शुभ्रा 'अंकल' म्हणायची. सदा म्हणायची ती त्यांची आई, आणि ती नव्वद साली गेली.

नायजेरियन गिऱ्हाईक देऱ्यात वाढलं ते त्याच सुमाराला. लेसचं कापड, गाड्यांचे पार्ट, झुंबरं, जे मिळेल ते कार्टन भरभरून जायचं. त्यांतले योरुबा लोक केळुसकरांच्या दुकानाला सोन्यासारखे होते. त्यांच्याकडे कुणाला गादी मिळाली किंवा मानाची पदवी मिळाली की मोठा सोहळा होतो, आणि जेवून जाणारा पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. त्याला भेट द्यायची, आणि भेटीवर राजाचं चित्र नि पदवी हवी. ती पदवी चुकली तर सगळा माल फुकट.

पेच असा, की त्यांच्याकडे 'राजा' म्हणून भागत नाही. गावागणिक राजाची पदवी निराळी. इफेचा तो ऊनी. ओयोचा तो अलाफिन, म्हणजे राजवाड्याचा धनी. एग्बा लोकांचा अलाके, इजेबूचा अवुजाले, एडेचा टिमी. एकाची पदवी दुसऱ्याला लावणं म्हणजे गणपतीसमोर मारुतीची आरती म्हणण्यासारखं. केळुसकरांनी एक लांबडी वही केली होती. तीत गाव, पदवी, अर्थ, आणि यादीत कुणाचं नाव कुणाच्या वर लिहायचं नाही, हेसुद्धा. ही शेवटची माहिती त्यांनी दोन गिऱ्हाइकांच्या भांडणात शर्टाचं बटण गमावून मिळवली होती.

त्या संध्याकाळी तिळगूळ बाजूला ठेवून त्यांनी मला ती वही वाचून दाखवली. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. इबादान शहरात म्हणे राजपुत्र गादीवर बसतच नाही. सरदारांची मोठी शिडी असते, वरचा गेला की खालचा एक पायरी चढतो, आणि चढत चढत म्हातारपणी कुणीतरी ओलुबादान होतो. "सरकारी नोकरीसारखं," केळुसकर म्हणाले. "सिनियॉरिटी." त्यांची सगळ्यांत लाडकी पदवी ओशोग्बोच्या राजाची, अताओजा. तिचा अर्थ सांगतात, हात पुढे करून मासा घेणारा. "वहिनी, आमच्या केळुसात अख्खा गाव अताओजा आहे," असं म्हणून ते स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच उठले.

आणि इरेपाचा राजा?

तो राजा व्हायच्या आधी अकिनवाले होता. नाव ऐकून केळुसकरांना वर्षभर वाटत होतं की ही काहीतरी अकिन नावाची वस्तू विकणारी मंडळी असावीत. प्रत्यक्षात तो ट्रकचे जुने पार्ट नेणारा व्यापारी. दुकानाला लागून कार्गोचं ऑफिस होतं. माल पॅक होईपर्यंत हा दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायचा. वर्षातून तीनदा, दर वेळी पंधरा-वीस दिवस, असं आठ वर्षं. चहाबरोबर खारी बिस्किटं असायची. ती त्याला कधीच नीट बुडवता आली नाहीत. निम्मी कपात पडायची, मग हा मोठा माणूस बोटाने ती शोधत बसायचा. पहिल्याच दिवशी त्याने केळुसकरांना नाव विचारलं. सदानंद म्हटल्यावर त्याने तोंडात घोळवून पाहिलं आणि म्हणाला, एवढं लांब नको, सादा. आई मेल्याला दीड वर्ष झालं होतं.

तोही राजघराण्यातला आहे, हे तो चेष्टेत सांगायचा. इरेपा लहानसं गाव. तिथे तीन घराणी पाळीपाळीने गादीवर येतात, आणि प्रत्येक घराण्यात राजपुत्रांची रांग. आमच्या गावात दगड मारला तर राजपुत्रालाच लागतो, म्हणायचा. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात दुकानात त्याचा फोन आला. म्हातारा राजा गेला होता. पाळी त्याच्या घराण्याची होती, कौल लावला होता, आणि दरबारच्या वडीलधाऱ्यांनी त्याचं नाव काढलं होतं.

"सादा, त्यांनी मला धरलं," एवढंच तो म्हणाला. लॉटरी लागलेल्याचा आवाज नव्हता तो, असं केळुसकर सांगतात. त्यानंतर रिवाजाप्रमाणे त्याला तीन महिने सगळ्यांपासून दूर, एका घरात ठेवलं. राजाने कसं बसायचं, कसं बोलायचं, ते तिथे शिकवतात.

तीन महिन्यांनी घड्याळांची ऑर्डर घेऊन अल्हाजा रिस्कत आली. ही त्याच गावची, लेसच्या कापडातली मोठी व्यापारी; आवाज असा की पलीकडच्या सोन्याच्या बाजारात भाव ऐकू यावा. अडीचशे घड्याळं, आठवड्यात. राज्याभिषेकाचा फोटो तिने काउंटरवर ठेवला. त्यात मोठा मण्यांचा मुकुट होता, त्यावर मण्यांचे पक्षी होते, आणि चेहऱ्यासमोर माळांचा पडदा. दुकानात गर्दी होती. केळुसकरांनी पदवीचं स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं, वहीत टिपलं, आणि फोटोबद्दल काहीच विचारलं नाही.

विचारायचं काय, त्यांना वाटलं फोटोच बिघडलाय. फोटोग्राफरने चुकीच्या वेळी बटण दाबलं, माळा मध्ये आल्या. आणि हा आपला अकिन. गावाकडे अडीचशे घरांत त्याचं घड्याळ लागणार नि त्याचं तोंडच दिसणार नाही? फाइलमध्ये त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स होती. तिच्यावरून नाक घेतलं, बाकी आठवणीवरून. तीन दिवस बसून केळुसकरांनी त्या माळा ब्रशने एकेक करून पुसल्या आणि मुकुटाखाली अकिनचा चेहरा काढला. खारी कपात पडल्यावर तो जसा हसायचा, तसा. मग छपाई. मी त्यांना विचारलं, एवढं करताना एकदा तरी कुणाला विचारावंसं वाटलं नाही? म्हणाले, तेरा वर्षांत एवढं मन लावून दुसरं काम केलं नव्हतं, विचारायचं सुचलंच नाही.

रिस्कतबाई माल घ्यायला आली आणि पहिलं घड्याळ उघडून तशीच खाली बसली. ओरडली नाही, यानेच केळुसकर जास्त घाबरले. तिने घड्याळ उलटं ठेवलं. मग समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मोठा मुकुट डोक्यावर चढला की त्या माळांमागे अकिन नसतो. तिथे आजपर्यंतचे सगळे ओनिरेपा असतात. म्हणून तोंड झाकायचं. त्याचं जुनं नाव कागदावर राहील, पण आता त्या नावाने त्याला कुणी हाक मारणार नाही. बायको नाही, थोरला भाऊ नाही. काबियेसी म्हणायचं, म्हणजे ज्याला कुणी जाब विचारू शकत नाही असा. आमच्या घरी ही पदवी कुणाची, यावर आमच्या ह्यांचं वेगळं मत आहे, ते असो.

"आईसुद्धा नाही?" केळुसकरांनी विचारलं होतं.

"आई असेल तर तीही वाकते," ती म्हणाली.

कार्गो चार दिवसांवर होतं. मुदीर, म्हणजे मॅनेजर, चिडून लाल झाला होता. केळुसकरांनी माळांसकट नवीन चित्र छापलं, आणि जुनी डायल सोलत बसायला वेळ नव्हता म्हणून नवी डायल जुनीवरच चिकटवली. अडीचशे गेली. एक जास्तीचं होतं, ते घरी आणलं.

"म्हणजे ह्याच्या खाली..." मी भिंतीकडे बोट केलं.

"आहे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या खाली आहे. कुणाला सांगू नका."

मी शब्द दिला आणि चार दिवस पाळला.

त्यानंतर तीन वर्षं त्या घड्याळाखाली केळुसकर जसे होते तसे राहिले. एवढंच, की आता स्टुलावर कुणी येत नव्हतं. राजा ट्रकचे पार्ट न्यायला थोडाच येणार. त्यांनी दोनदा कार्ड घालून बूथवरून राजवाड्याला फोन केला, हे मला पुढे कळलं. पहिल्यांदा कुणी दरबारी बोलला. कोण, कुठून, काय काम? दुबईहून सदा, एवढंच केळुसकर सांगू शकले. काम काय, ते त्यांना सांगता येईना. दुसऱ्यांदा त्यांनी काम शोधून ठेवलं होतं, घड्याळं बरोबर चालतात का विचारायचं. तर उत्तर आलं, बरोबर चालतात, आणि फोन ठेवला गेला. गणपतीला आम्ही त्यांना आरतीला बोलवायचो. "या राजे" म्हणून मी दार उघडायचे, ते हसायचे, प्रसाद घ्यायचे, दहा मिनिटांत जायचे. मला वाटायचं, आपण त्यांना किती हसवतो.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये ते पहिल्यांदाच आपण होऊन आमच्या दारात आले. रिस्कतबाईने निरोप दिला होता. ओनिरेपा गुडघे दाखवायला परदेशी चालला होता, वाटेत दोन दिवस देऱ्यातल्या हॉटेलात उतरणार होता, आणि त्याने पेंटरला बोलावलं होतं. शुक्रवारी आमच्या ह्यांची गाडी मिळेल का? गाडी मिळाली, आणि गाडीबरोबर मीही. राजा पाहायला मिळत असताना घरी बसून भाजी निवडणाऱ्यांतली मी नव्हे.

वाटेत केळुसकर मागच्या सीटवर इस्त्रीचा पांढरा शर्ट न चुरगळता बसले होते. मांडीवर खारीचा पुडा. मध्येच हळूच 'काबियेसी' म्हणून पाहत होते. मी म्हटलं, राजे, परीक्षा आहे का? तर म्हणाले, "वहिनी, तो मला काय म्हणेल?"

मला वाटलं, मानाची काळजी आहे. मी थट्टेत काहीतरी बोलून गेले.

हॉटेलच्या खोलीबाहेर कॉरिडॉरमध्येच दोन सुटाबुटातले व्यापारी गालिच्यावर पालथे झालेले दिसले. पुरुषांनी राजासमोर असं आडवं व्हायचं असतं. आमचे हे जरा घुटमळले, त्यांनी नुसती मान वाकवली. केळुसकरांनी मात्र दारात पाऊल टाकताच, गावच्या रवळनाथापुढे घालतात तसा साष्टांग दंडवत घातला, कपाळ टेकून, हात जोडून पुढे लांब केलेले. दरबाऱ्यांत कौतुकाची कुजबुज झाली. इतकं चोख त्यांच्या पोरांनाही जमत नसावं.

राजा सोफ्यावर बसला होता. त्या दिवशी मोठा मुकुट नव्हता, साधी मण्यांची टोपी होती, तोंड उघडं होतं. पण घड्याळामागचा चेहरा म्हणतात तो मला त्यात सापडला नाही. हातातला पंखा हलत होता, बाकी काही हलत नव्हतं. बोलायचं होतं ते शेजारचा एक उंच दरबारी बोलत होता. राजाने पेंटरची खुशाली विचारली आहे. राजाने घड्याळांबद्दल समाधान व्यक्त केलं आहे. केळुसकरांनी खारीचा पुडा पुढे केला. दुसऱ्या माणसाने तो दोन्ही हातांनी घेऊन टेबलावर ठेवला, आणि सांगितलं की राजा चारचौघांत काही खात नाही.

मग उंच दरबाऱ्याने घसा साफ केला. राजाच्या मनात आहे की पेंटरला इरेपाची मानाची पदवी द्यावी. तिचं नाव मला नीट लिहिता यायचं नाही. अर्थ साधारण असा, परमुलखातला दरबारी. वर्षाच्या शेवटी सोहळा, येण्याजाण्याचा बंदोबस्त राजवाडा करेल. मी आमच्या ह्यांना कोपर मारलं. मनात मनोरमाबाईंना सांगायची वाक्यंही जुळवायला घेतली होती.

केळुसकरांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो दरबाऱ्याकडे नव्हे, सोफ्याकडे पाहून. पदवी मिळाल्यावर मला हाक काय मारतील?

"पदवीनेच," दरबारी अभिमानाने म्हणाला. "जुनं नाव कुणी घेणार नाही. स्वतः काबियेसीसुद्धा."

केळुसकरांनी हात जोडले. मग म्हणाले, पदवी मोठी आहे, पण मला नको. माफ करा.

ज्याला जाब विचारता येत नाही, त्याला नाही म्हणतात कसं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. उंच माणूस राजाकडे बघू लागला, राजा टेबलावरच्या पुड्याकडे. पंखा थांबला होता.

"सादा," राजा हलक्या आवाजात म्हणाला, "खारी त्याच दुकानातली का?"

सगळे दरबारी एकदम गालिच्याकडे पाहू लागले. त्यांनी काही ऐकलंच नव्हतं.

"त्याच," केळुसकर म्हणाले.

एवढंच. राजाने हात वर केला, भेट संपली. लिफ्टपर्यंत आम्हाला पोचवायला दोघं आले. तो राजा पुन्हा दुबईला आला नाही, आणि केळुसकर इरेपाला गेले नाहीत.

शारजाच्या रस्त्यावर गाड्या खिळून उभ्या होत्या. अर्धा तास मी गप्प बसले, हा माझा आजवरचा विक्रम आहे. मग राहवेना. मागे वळून म्हटलं, कमाल केलीत राजे, चालून आलेली सरदारकी सोडलीत. अख्ख्या बिल्डिंगने मुजरे केले असते.

केळुसकर खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले,

"राजे म्हणायला अख्खी बिल्डिंग आहे, वहिनी. सदा म्हणायला तो एकटाच."